इलेक्ट्रिक गिटारचं फिनिश: दमट हवा, तापमान आणि बारीक तडे

सहावी तार (धागाकर्ता)

मंडळी, तारा, पिकअप, अ‍ॅम्प यांवर इथे भरपूर लिहून झालंय, पण फिनिशवर, म्हणजे बॉडीवरच्या रंग-लॅकरच्या थरावर, स्वतंत्र धागा सापडला नाही. म्हणून हा काढतोय.

माझ्याकडे दोन गिटारी आहेत. एक सेमी-हॉलो (अर्धपोकळ बॉडीची), नायट्रो म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकरची. दुसरी सॉलिड (भरीव) बॉडी, जाड चकचकीत पॉली, म्हणजे पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन फिनिशची. दोन्ही एकाच खोलीत भिंतीवर टांगलेल्या असतात. पॉलीवाली जशी आणली तशीच आहे. नायट्रोच्या पाठीवर मात्र उजेड तिरका पडला की केसाएवढ्या बारीक रेघा दिसतात. नखाला लागत नाहीत, नुसत्या दिसतात. खोलीतला हायग्रोमीटर (हवेची आर्द्रता मोजणारा मीटर) कधी ४५ टक्के दाखवतो, कधी ७५. एसी लावला-बंद केला की आकडा बदललेला असतो.

तर प्रश्न असे: या रेघा दमटपणामुळे की तापमानामुळे? वाढू नयेत म्हणून काय करायचं? गिटार भिंतीवर असावी की केसमध्ये? आणि केसमध्ये ठेवली तर ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात का?

ज्यांनी हे प्रत्यक्ष हाताळलंय त्यांनी सविस्तर लिहा. घाई नाही.

टिपकागद

केसमध्ये ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका, विषय मिटला. लेन्सना बुरशी धरू नये म्हणून कॅमेऱ्याच्या पेटीत मी हेच करतो.

मंद्र

रेघा कोणत्या दिशेने आहेत? ग्रेनच्या (लाकडाच्या धाग्यांच्या) बाजूने उभ्या की ग्रेनला आडव्या? आणि पाठीवरच आहेत की पुढेही?

रंधा

मंद्र यांनी नेमकं विचारलंय. उत्तर येईपर्यंत थोडी पार्श्वभूमी देतो. गिटार दुरुस्ती हे माझं रोजचं काम, त्यामुळे प्रतिसाद लांबेल.

दमटपणा आणि तापमान यांची आधी फारकत करा. दमटपणा मुख्यतः लाकडावर काम करतो, तापमान मुख्यतः फिनिशवर.

लाकूड हवेतली ओल सतत घेत आणि सोडत असतं. साधारण २० अंश सेल्सिअसला हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडातली ओल हळूहळू ६ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते. ५० टक्के हवेत ती ९ च्या जवळ, ८० टक्के हवेत १६ च्या जवळ. ओल वाढली की लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. पावसाळी हवेत दार चौकटीत अडकतं ते यामुळेच. तापमानाने मात्र लाकूड फार कमी हलतं. ग्रेनच्या दिशेने तर दर अंशाला दहा लाखांत ३ ते ५ भाग, एवढंच. ग्रेनला आडवं त्याच्या ५ ते १० पट.

लॅकरचं तसं नाही. ते तापमानाला लाकडापेक्षा बरंच जास्त हलतं आणि सगळ्या दिशांना सारखंच हलतं. आता गिटार झपाट्याने थंड झाली असं समजा. लॅकर आकसायला बघतं, खालचं लाकूड ग्रेनच्या दिशेने जागचं हलत नाही. ताण ग्रेनच्या दिशेने बसतो आणि तडा जातो तो त्या ताणाला काटकोनात, म्हणजे ग्रेनला आडवा. थंडीच्या धक्क्याने आलेले तडे सहसा असे आडवे दिसतात. दमटपणाचा त्रास वेगळ्या जागी दिसतो: बॉडीचे तुकडे जोडलेत त्या सांध्यावर उभी रेघ, बाइंडिंगच्या (बॉडीच्या काठावरच्या पट्टीच्या) कडेला फट, नेक (गिटारीचा लांब दांडा) बॉडीला मिळतो तिथे चीर.

याला अपवाद असतात. पण गिटार टेबलावर आली की मी पहिल्यांदा तड्याची दिशा आणि जागा बघतो, हायग्रोमीटरचा आकडा नंतर विचारतो.

पॉलीबद्दल: पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन एकदा पक्कं झालं की त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात. थंडी-उन्हाच्या साध्या चढउताराला ते दाद देत नाही. ते तडकतं ते ठोकर लागून, किंवा खालचा सांधा हलला म्हणून.

सहावी तार

रंधा, मनापासून आभार. आत्ता टॉर्च धरून बघितलं. पाठीवरच्या सगळ्या रेघा आडव्या. पुढच्या बाजूला तशा नाहीत. शिवाय नेक जिथे बॉडीत शिरतो तिथे कडेने एकच उभी रेघ आहे, ती आजवर लक्षातच आली नव्हती. आणि हो, ही गिटार एसीच्या समोरच्या भिंतीवर असते. झोत थेट तिच्यावर येतो. बसून वाजवायला खुर्ची खिडकीजवळ आहे, तिथे दुपारी ऊन येतं.

रंधा

मग पाठीवरचे तडे तापमानाचे. उन्हात तापलेली गिटार थेट गार झोतासमोर टांगली जाते आणि हे रोज होतं. जागा बदला, बाकीचं नंतर बघू. नेकजवळची रेघ वेगळी आहे, तिच्यावर लक्ष ठेवा.

रसायनी

रंधा यांच्या प्रतिसादाला थोडी रसायनाची जोड.

नायट्रोसेल्युलोज लॅकर म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेलं सेल्युलोज, द्रावकात विरघळवलेलं. फवारल्यावर द्रावक उडून जातो आणि पापुद्रा मागे राहतो. त्यात पक्कं होण्याची कोणतीही रासायनिक क्रिया होत नाही. त्यामुळे कितीही वर्षांनी थिनर लागला की ते पुन्हा विरघळतं. दुरुस्तीत याचा फायदा होतो, नवा थर जुन्यात मिसळून जातो. तोटा असा की ते कायमच नाजूक राहतं.

नुसतं नायट्रोसेल्युलोज फार ठिसूळ असतं. म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर घालतात, म्हणजे पापुद्र्याला लवचीक ठेवणारं द्रव्य. ते वर्षानुवर्षं हळूहळू निघून जातं. नव्या गिटारने जो धक्का सहज सोसला असता त्याच धक्क्याला जुनी तडकते. उष्णतेत हे द्रव्य लवकर निघतं, म्हणून खिडकीतलं ऊन दोनदा नडतं: आज ताण देतं आणि उद्यासाठी लॅकर ठिसूळ करून ठेवतं. वर अतिनील किरणांनी लॅकर पिवळं पडतं ते वेगळंच. जुन्या पांढऱ्या गिटारी सायीच्या रंगाच्या दिसतात त्या यामुळे.

हे लॅकर मुळात मोटारींमुळे सर्रास झालं. ड्यू पाँटचं ड्यूको लॅकर १९२० च्या दशकात गाड्यांवर आलं, कारण ते काही तासांत वाळायचं; त्याआधीच्या रंगांना दिवसच्या दिवस लागत. पुढे फेंडर या गिटार कंपनीने आपले खास रंग ड्यूको आणि ल्युसाइट या मोटारींच्या रंगांतूनच घेतले. त्यातलं ल्युसाइट अ‍ॅक्रिलिक लॅकर आहे, नायट्रो नव्हे. म्हणजे जुनी गिटार दिसली की ती पूर्ण नायट्रोचीच असेल असं धरून चालू नये. १९६८ च्या सुमारास फेंडरने जाड पॉलिएस्टरकडे मोर्चा वळवला.

आता महत्त्वाचं: नायट्रोचा सगळ्यात मोठा शत्रू हवा नसून स्टँड आणि हँगरवरचं (भिंतीवर गिटार अडकवायच्या दांड्यांवरचं) रबर किंवा फोम आहे असं माझं मत आहे. व्हिनाइल, पीव्हीसी आणि बऱ्याच फोममध्येही प्लॅस्टिसायझर असतं. ते तिथून निघून लॅकरमध्ये शिरतं आणि त्या जागी लॅकर मऊ, चिकट होतं. उकाड्यात हे फार वेगाने होतं. हँगरच्या दोन्ही दांड्यांना धुतलेलं जाड सुती कापड गुंडाळा. व्हिनाइलचा पट्टा गिटारला लावून केस बंद करू नका. पॉलीला याचा सहसा त्रास होत नाही.

आणखी एक. डासांसाठी लावायच्या क्रीममध्ये डीट असेल तर हात धुतल्याशिवाय गिटारला हात लावू नका. लॅकर, प्लॅस्टिक दोन्ही खातं ते. अल्कोहोलचं सॅनिटायझर पूर्ण वाळू द्या.

भटकी तार

डीटचा मुद्दा पटला. उघड्यावरच्या कार्यक्रमात बॅकस्टेजला सगळेच ते अंगाला फासत असतात आणि वाजवणाऱ्याचा उजवा हात बॉडीवर नेमका जिथे टेकतो तिथलं लॅकर निस्तेज झालेलं मी अनेक गिटारींवर बघितलंय.

माझं म्हणणं प्रवासाबद्दल आहे. घरात राहणाऱ्या गिटारीचे हाल त्या मानाने काहीच नाहीत. गार गाडीतून उतरून दमट मैदानावर केस उघडली की काय होतं ते बघा. बाहेर ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं बाष्प पाणी होऊन धरतं ते, २४ अंशांच्या जवळ येतो. गिटार २० अंशांवर असेल तर तिच्यावर पाणी धरणारच. पहिल्यांदा तारा, ब्रिज आणि पिकअपची कव्हरं धुरकटतात, मग बॉडीवर बाष्प येतं. बोट फिरवलं तर ओली रेघ उमटते. तडे गेलेल्या लॅकरमध्ये हे पाणी आत उतरतं, स्क्रूच्या भोकांतून कच्च्या लाकडात जातं.

उपाय साधा आहे आणि तो आमच्यातले सगळे पाळतात: पोहोचल्याबरोबर केस आत न्यायची, पण उघडायची नाही. साउंडचेकच्या बराच आधी नेऊन ठेवायची. हार्ड केसचं जाड अस्तर गिटारला हळूहळू बाहेरच्या तापमानावर आणतं. थंडीतून आत येतानाही तेच. कडाक्याच्या थंडीतून आलेली नायट्रो गिटार उबदार खोलीत लगेच उघडली तर लॅकर तडकताना बारीक टिक्-टिक् आवाज ऐकू येतो. मी ऐकलाय. तो ऐकल्यावर कोणी केस उघडायची घाई करत नाही.

आणि उन्हात उभ्या गाडीत गिटार ठेवू नका. बंद गाडीत ६० अंशांच्या पुढे तापमान सहज जातं. त्या उष्णतेत नायट्रो मऊ पडतं आणि केसच्या अस्तराची वीण पाठीवर ठसा होऊन बसते. बऱ्याच गोंदांची पकडही तिथे ढिली पडायला लागते.

मंद्र

भटकी तार, +१. कुरियरने आलेल्या गिटारीलाही हेच. खोका घरात आणून एक दिवस तसाच ठेवायचा.

(या धाग्यावर आता गिटारीला ताप, सर्दी आणि त्वचाविकार तिन्ही झाले. थर्मामीटर कुठे लावायचा तेवढं सांगा.)

अनुनाद

थोडा वेगळा सूर लावतो. राग मानू नये.

अ‍ॅकुस्टिक गिटारीला जपणं मी समजू शकतो. पातळ टॉप, आत पोकळी, वाळली तर टॉपच फाटतो. पण सॉलिड बॉडी इलेक्ट्रिक म्हणजे चांगला पावणेदोन इंच जाडीचा ठोकळा. त्याला कायम ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेच्या पट्ट्यात बांधून ठेवणं मला अनावश्यक वाटतं. आणि लॅकरचे तडे हे नुकसान कसं? गिब्सन कंपनीच्या १९५८ ते १९६० च्या लेस पॉल स्टँडर्ड गिटारींवरचा लाल रंग उजेडाने उडाला, काहींवर फक्त पिवळसर मधाळ छटा उरली. लोक आज त्याच उडालेल्या छटांवर जीव टाकतात. नव्या गिटारीवर मुद्दाम तडे पाडून विकणारे कारखाने आहेत. मग आपोआप येणाऱ्या तड्यांना घाबरून गिटार केसमध्ये कोंडायची? समोर भिंतीवर असलेली गिटार दिवसातून चार वेळा हातात घेतली जाते. केसमधली आठवडाभर तशीच पडून राहते. मला वाजणारी, तडे गेलेली गिटार हवी.

शुभ्रा

अनुनाद, भिंतीवरची गिटार जास्त वाजते हे शंभर टक्के खरं. पण दोन गोष्टींवर असहमत.

एक, उजेडाने रंग उडणं आणि लॅकर तडकणं यांत फरक आहे. उडालेल्या रंगाखालचं लॅकर अखंड असतं, ते लाकडाला झाकतं. तडा गेला की तिथून ओल आत-बाहेर करते. कोणतंही फिनिश ओल पूर्ण अडवत नाही, पण तिचा वेग कमी करतं, आणि सगळा खेळ वेगाचा आहे. पुढे घामाने तड्याच्या कडा उचलल्या जातात आणि पापुद्रे निघतात. हाताखाली, नेकच्या पाठीवर हे आधी होतं.

दोन, ठोकळा जाड असला तरी नेक जाड नाही. आणि फ्रेटबोर्ड (नेकवरची, बोटांनी तारा दाबायची पट्टी) रोझवूडचा असेल तर त्यावर बहुधा फिनिशच नसतं, तो ओल सगळ्यात आधी सोडतो. हिवाळ्यात बाहेर ५ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल आणि तीच हवा घरात २२ अंशांपर्यंत तापवली, तर आर्द्रता २६ टक्क्यांच्या आसपास येते. हवेत पाणी तेवढंच, पण हवेची तहान वाढलेली. फ्रेटबोर्ड आकसतो, त्यात आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, आकसत नाहीत, आणि त्यांची टोकं कडेला बाहेर येऊन बोटांना ओरखडतात. कडेवर लॅकर असेल तर प्रत्येक फ्रेटच्या टोकाशी त्याला बारीक फोड किंवा चीर येते. तारा चढवायच्या वेळी नेकच्या कडेवरून हात खाली-वर फिरवून बघा, लगेच कळतं.

सेमी-हॉलोचे टॉप-बॅक तर पातळच असतात. धागाकर्त्याची गिटार त्यातली आहे.

आता हायग्रोमीटर. स्वस्त मीटर सर्रास ५-१० टक्के चुकतात, म्हणून आधी तो तपासा. एका छोट्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओलं करा. मीठ विरघळून जायला नको, चिखलासारखं राहिलं पाहिजे. ते झाकण आणि मीटर एका घट्ट डब्यात किंवा झिपच्या पिशवीत रात्रभर ठेवा, पाणी मीटरला लागू देऊ नका. आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. मीटर ७० दाखवत असेल तर यापुढे प्रत्येक आकड्यात ५ मिळवा.

सहावी तार

शुभ्रा, मिठाची चाचणी आज रात्रीच लावतो.

टिपकागद

मग माझ्या सिलिका जेलला कोणी हात का लावत नाहीये? तो स्वस्त आहे, तापवून पुन्हा वापरता येतो, रंग बदलून भरल्याचं सांगतो.

शुभ्रा

लावते. सिलिका जेल फक्त एकाच दिशेने काम करतो. त्याला ५० टक्क्यांवर थांबायचं कळत नाही. लहान, घट्ट बंद केसमध्ये भरपूर ताजं जेल टाकलं तर तो आर्द्रता २०-३० पर्यंतही ओढून नेतो. लेन्सला ते चालतं, काच-धातू आहे. लाकडाला नाही. उलट कमी जेल टाकलं तर दमट दिवसांत दोन दिवसांत भरून बसतं आणि आपल्याला वाटतं संरक्षण चालू आहे.

केससाठी दुहेरी काम करणाऱ्या पाकिटांचा पर्याय बरा. त्यांच्या आत क्षाराचं दाट द्रावण असतं, ते ठरावीक आकड्याच्या वर ओल घेतं आणि खाली सोडतं. वाद्यांसाठी ४९ टक्क्यांची मिळतात. पाकीट कडक झालं की बदलायचं. फक्त ते उघडं फिनिशवर टेकू देऊ नका, सोबत येणाऱ्या कापडी पिशवीतच ठेवा.

टिपकागद

हे पटलं. पण हवा महिनोन् महिने ८० च्या वर असते अशा ठिकाणी ही पाकिटं लवकर फुगून जातात, हेही लिहून ठेवा. तिथे मी आधी खोली कोरडी करायच्या मागे लागेन.

रंधा

बरोबर. खोलीचा डीह्युमिडिफायर ५० ते ५५ वर लावून ठेवला तर केसमध्ये काही टाकायची गरजच पडत नाही. दार-खिडक्या बंद हव्यात एवढंच. दीर्घकाळ ७० च्या वर राहिलं तर फिनिशच्या आधी केसचं अस्तर वास मारायला लागतं, त्यावर बुरशी येते, आणि ती बुरशी मॅट फिनिशवर पांढुरके ठिपके सोडते. केस बंद करून ठेवली म्हणजे गिटार सुरक्षित, असं नाही. ओल आत कोंडली तर ती आतच राहते. दमट दिवसांत केस मधूनमधून कोरड्या खोलीत उघडी टाका.

अनुनाद यांच्याशी मी अर्धा सहमत आहे. ४० ते ६० मध्ये कुठेही असलात तर सॉलिड बॉडी इलेक्ट्रिकला काही होत नाही, ४९ चा हट्ट नको. पण ४० ते ६० चा प्रवास एका महिन्यात होणं आणि एका तासात होणं यांत फरक आहे.

कोमल निषाद

अवांतर विचारू का? उकाड्यात माझ्या नायट्रो नेकची पाठ चिकट होते, अंगठा अडकतो. काहीजण म्हणतात बारीक सँडपेपर मारून मॅट कर. करू?

भटकी तार

मी केलंय, बाराशे ग्रिटने हलकं घासलं, नेक मस्त सरकतो आता.

रंधा

थांबा! आधी साफ करा. चिकटपणाची अर्धी कारणं मळ आणि घामाचं तेल असतात. सुती कापडावर थोडा नॅप्था घ्या, लायटरमध्ये भरतात तो. हलक्या हाताने पुसा. खिडकी उघडी हवी, जवळपास ज्योत नको, आणि आधी लपलेल्या जागी लावून बघा. नॅप्था नायट्रोला खात नाही. अ‍ॅसिटोन आणि थिनर खातात, स्पिरिट मऊ करतं, त्यांना लांब ठेवा.

साफ करूनही चिकट राहिला तर लॅकर स्वतःच मऊ पडलंय. वर्षानुवर्षं घाम-तेल मुरलं की असं होतं. तेव्हा घासून थर पातळ करणं हा उपाय नाही, कारण मऊ लॅकर घासलं की गोळ्या होऊन निघतं. भटकी तार यांचा नेक धडधाकट होता म्हणून छान जमलं.

कोमल निषाद

नॅप्थाने पुसला. कापड पिवळं-काळं झालं आणि नेक नव्यासारखा सरकतोय! धन्यवाद.

मंद्र

फिनिशचाच त्रास नको असेल तर पुढची गिटार घेताना रोस्टेड मेपलचा नेक बघा. ते लाकूड कमी ऑक्सिजनमध्ये तापवलेलं असतं, त्यामुळे ओल घेण्याची त्याची क्षमताच कमी होते. बरेच जण त्यावर नुसतं तेल-मेण लावतात. साध्या मेपलला तेवढं पुरत नाही, तो उघडा ठेवला तर मळून करडा पडतो.

तळहात

नवीन सभासद. माझी पॉली गिटार आहे, बोल्ट-ऑन (स्क्रूने बसवलेला) नेक. नेकच्या खाचेच्या कोपऱ्यातून बॉडीवर दोन छोट्या चिरा निघाल्यात. लाकूड फुटलंय का? झोप उडालीय.

रंधा

तळहात, स्वागत. झोपा निवांत. त्या कोपऱ्याशी बॉडीची भिंत पातळ असते आणि पॉलीचा थर कोपऱ्यावर जाड बसतो. नेक लाकडी, खाच लाकडी, दोन्ही ऋतूप्रमाणे फुगतात-आकसतात आणि कडेला दाब येतो. चीर बहुतेक वेळा फक्त फिनिशमध्ये असते.

खात्री करायची तर तारा सैल करून नेक काढा आणि खाचेच्या आतल्या बाजूने बघा. आतल्या कच्च्या लाकडावर चीर नसेल तर ती वरवरची आहे. परत बसवताना स्क्रू आधी उलटे फिरवून जुन्या आट्यात बसू द्या, मग कसा, अति कसू नका. नेक खाचेत दाबून बसवावा लागत असेल तर कोपऱ्यातलं जास्तीचं फिनिश पातळ खरवडावं लागतं, ते जाणकाराकडून करून घ्या.

एकच जागा अशी आहे जिथे मी चिरेला कधीही वरवरची म्हणून सोडत नाही: हेडस्टॉकच्या (नेकच्या टोकाच्या, खुंट्या असलेल्या भागाच्या) मागची, नटच्या (तिथे तारा टेकतात त्या पट्टीच्या) खालची. तिथे दोन्ही हातांनी अगदी हलका वाक देऊन बघा. चीर किंचित उघडली किंवा दोन्ही कडा पायरीसारख्या खाली-वर लागल्या तर लाकूड गेलंय. तारा लगेच सैल करा.

सहावी तार

सगळ्यांच्या माहितीसाठी: मिठाच्या चाचणीत माझा मीटर ६८ वर थांबला. म्हणजे तो ७ कमी दाखवतोय आणि मला जे ७५ वाटत होतं ते प्रत्यक्षात ८० च्या पुढे आहे. शुभ्रा, तुम्ही सांगितलं नसतं तर हे कधीच कळलं नसतं.

दोन्ही गिटारी आतल्या, ऊन न येणाऱ्या भिंतीवर हलवल्या. एसीचा झोत तिथे पोचत नाही. हँगरला सुती कापड गुंडाळलं. काढताना दिसलं की हेडस्टॉकखाली दोन्ही बाजूंना वाटाण्याएवढे निस्तेज डाग पडलेत आणि तिथे नख किंचित रुततं. रसायनी, ते तुमचंच प्रकरण ना?

रसायनी

हो, नेमकं तेच. आता त्याला पॉलिश लावू नका, चोळू नका. संपर्क तुटला की काही महिन्यांत तो भाग बराचसा पुन्हा कडक होऊ शकतो, डाग मात्र राहील. नुसतं मोकळं ठेवा.

अनुनाद

बाहेरच्या भिंतीवरून आतल्या भिंतीवर आणली हे फार चांगलं केलंत. बाहेरची भिंत रात्री थंड आणि दिवसा गरम होते. भिंतीवर टांगायचा पुरस्कार करताना मी हे लिहायला हवं होतं, म्हणून आता लिहितो: टांगा, पण आतल्या भिंतीवर आणि वाऱ्याच्या झोतापासून लांब.

सहावी तार

शेवटचं एक. पाठीवरचे आडवे तडे आता आहेतच. त्यांवर वॅक्स पॉलिश लावलं तर ते भरून निघतील का? आणि नेकजवळची ती उभी रेघ वाढतेय की नाही हे ओळखायचं कसं?

रंधा

तड्यांवर वॅक्स नको. ते रेघांत जाऊन बसतं, वाळलं की पांढरं दिसतं आणि मग काढता येत नाही. सिलिकॉन असलेलं पॉलिश तर मुळीच नको. पुढे कधी त्या जागी नवं लॅकर मारायची वेळ आली तर फवारा सिलिकॉनवर धरत नाही, माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. कोरडं मायक्रोफायबर पुरे. घाम वाळला असेल तर कापडावर तोंडाची वाफ सोडा, तेवढ्या ओलीने निघतो, आणि लगेच कोरडं पुसा.

तडे कायमचे घालवायचे तर वरून द्रावक-लॅकर मारून जुना थर वितळवावा लागतो. ते करता येतं, पण आडव्या रेघांसाठी मी सुचवणार नाही. चांगलं मूळ फिनिश त्यात जातं.

नेकजवळच्या रेघेसाठी: खोलीतले दिवे बंद करून टॉर्च बाजूने, बॉडीला जवळजवळ समांतर धरा आणि शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून फोटो काढा. ऋतू बदलला की त्याच कोनातून पुन्हा काढा. लांबी तेवढीच असेल तर काही करू नका. वाढली किंवा नखाला पायरी लागली तर नेकचा सांधा तपासून घ्या. रेघेच्या टोकावर खूण म्हणून चिकटपट्टी मात्र लावू नका, ठिसूळ झालेलं नायट्रो पट्टीबरोबर सुटून येतं.